अनंत काकबा प्रियोळकर : छापील अक्षराचा इतिहासकार



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी मुद्रणाच्या इतिहासकाराचे स्मरण का करावयाचे, असा प्रश्न काहींच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर बारामतीच्याच मातीत सापडते. पन्हाळगडावर १७२९ मध्ये जन्मलेले कविवर्य मोरोपंत पराडकर बाबूजी नाईकांच्या आश्रयाने कऱ्हाकाठी स्थिरावले आणि १७९४ मध्ये याच गावी त्यांनी देह ठेवला. त्यांच्या हजारो आर्या बोरूने कागदावर उतरल्या. पंतांनी डोळे मिटले तेव्हा महाराष्ट्रात मराठी ग्रंथ छापणारा एकही छापखाना नव्हता. साठ वर्षांनी, १८५४ मध्ये, परशुरामतात्या गोडबोले यांच्या ‘नवनीत’ या संग्रहातून मोरोपंत शाळकरी मुलांच्या हाती आले. पुढे निर्णयसागर छापखान्याच्या काव्यसंग्रह मालेने त्यांचे विस्तीर्ण काव्य घरोघरी नेले. बोरू आणि खिळा यांच्यामधल्या या साठ वर्षांत काय घडले? कोणी अक्षरे कोरली, कोणी विरोध केला, कोणी पैसा घातला, कोणत्या पोथीवरून कोणती प्रत छापली आणि वाटेत कोणते शब्द हरवले? हे प्रश्न पद्धतशीरपणे विचारून त्यांची उत्तरे कागदपत्रांतून शोधण्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले ते प्राध्यापक अनंत काकबा प्रियोळकर.

त्यांचा जन्म ५ सप्टेंबर १८९५ रोजी गोव्यातील फोंडे महालातल्या प्रियोळ या गावी झाला. श्री मंगेशाचे प्रसिद्ध देवालय याच परिसरात आहे. मूळचे कुशस्थळीचे हे दैवत सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या धर्मच्छळाच्या काळात भक्तांनी नदी ओलांडून येथे आणले. ज्या गावाच्या देवालाच स्थलांतर करावे लागले, त्या गावच्या मुलाला जुना कागद पाहून तो कोठून आला असावा हा विचार सुचावा, यात नवल नाही. गोव्यात एका बाजूला देवळे पाडली गेली, देशी भाषांतील पोथ्या जाळल्या गेल्या. आणि त्याच गोव्यात, त्याच राजवटीत, त्याच शतकात, भारतातला पहिला छापखाना उभा राहिला. हा विरोधाभास प्रियोळकरांनी कधी नजरेआड केला नाही. त्यांनी १९५८ मध्ये मुद्रणाचा इतिहास लिहिला आणि १९६१ मध्ये गोव्याच्या इन्क्विझिशनचाही. हे दोन ग्रंथ शेजारी ठेवून वाचले म्हणजे लेखकाची तोलदार बुद्धी प्रत्ययाला येते. मिशनऱ्यांनी अक्षरविद्येला दिलेले योगदान मान्य करताना त्यांची लेखणी आखडत नाही आणि इन्क्विझिशनच्या अत्याचारांची नोंद करतानाही ती कचरत नाही.

मुद्रणाकडे वळण्यापूर्वी प्रियोळकरांची ओळख होती ती प्राचीन मराठी काव्याचे चिकित्सक संपादक म्हणून. १९३५ मध्ये त्यांनी रघुनाथ पंडितांच्या ‘दमयंतीस्वयंवर’ या काव्याची आवृत्ती सिद्ध केली. तोपर्यंतची रीत अशी होती, की एखादी बरी पोथी हाती लागली म्हणजे ती छापावयाची. अडलेला शब्द संपादकाने आपल्या समजुतीने दुरुस्त करावयाचा आणि वाचकाला त्याचा पत्ताही लागू द्यावयाचा नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात त्या वेळी महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर यांच्या नेतृत्वाखाली चालू होते. अनेक हस्तलिखिते गोळा करावयाची, त्यांची कुळे लावावयाची, कोणती नकल कोणत्या नकलेवरून झाली हे ठरवावयाचे आणि प्रत्येक पाठभेद तळटीपेत प्रामाणिकपणे द्यावयाचा, ही ती शिस्त. प्रियोळकरांनी ती मराठी काव्याला लावली. पुढे मुक्तेश्वरांच्या महाभारतातील आदिपर्वाचेही त्यांनी असेच संपादन केले. मराठीतील पाठचिकित्सेचे प्रवर्तक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते ते यामुळे.

१९४८ मध्ये मुंबईत मराठी संशोधन मंडळ स्थापन झाले आणि त्याची धुरा त्यांच्याकडे आली. १९५१ मध्ये कारवार येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे आत्मचरित्र (१९४७), परमहंस सभेचा इतिहास (१९६६), डॉ. भाऊ दाजी लाड यांचे चरित्र (१९७१) ही त्यांची कामे एकोणिसाव्या शतकातील मुंबईचा एक मोठा पट उलगडून दाखवितात. १३ एप्रिल १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. चरित्राचा हा तपशील एवढ्यावर थांबविता येतो, कारण ज्या ग्रंथामुळे देशाबाहेरचे विद्वानही त्यांना ओळखतात, त्याकडे जाणे अधिक अगत्याचे आहे.

‘द प्रिंटिंग प्रेस इन इंडिया’ हा तो ग्रंथ. भारतात मुद्रणकलेचे आगमन झाल्याला चारशे वर्षे पूर्ण झाली, त्या निमित्ताने तो १९५८ मध्ये मराठी संशोधन मंडळाने प्रसिद्ध केला. चिंतामणराव देशमुखांची त्याला प्रस्तावना आहे. मुद्रणाचा इतिहास म्हणजे यंत्रांच्या खरेदीची जंत्री, असा ज्यांचा समज असेल त्यांनी त्यातली पहिली काही पाने तरी वाचावीत. ६ सप्टेंबर १५५६ रोजी गोव्याच्या बंदरात एक जहाज लागले. त्यात एक छापखाना होता. पण तो गोव्यासाठी नव्हताच. तो निघाला होता अॅबिसिनियाला. तिकडच्या राजाशी बोलणे फिसकटले, धर्मगुरूंची स्वारी पुढे जाऊ शकली नाही आणि छापखाना गोव्यातच राहिला. भारतीय मुद्रणाचा आरंभ असा एका अडकलेल्या सामानातून झाला. जुआन द बुस्तामांते नावाच्या मुद्रकाने त्यावर काम सुरू केले. १५५७ मध्ये छापलेल्या धर्मपुस्तिकेची आज एकही प्रत उपलब्ध नाही. गार्सिया द ओर्ता या वैद्याचा भारतीय वनौषधींवरील ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला, त्याच्या प्रती मात्र टिकल्या आहेत.

भारतीय लिपीत छपाईचा मान प्रथम तमिळला मिळाला. १५७८ मध्ये कोल्लम येथे सोळा पानांची एक पुस्तिका तमिळ खिळ्यांनी छापली गेली. मराठीच्या वाट्याला तो मान का आला नाही? गोव्यातील रायतूर येथे इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये छापले गेले. सुमारे अकरा हजार मराठी ओव्यांचा हा ग्रंथ. पण तो छापावा लागला रोमन लिपीत. स्टीफन्सला हे खुपत होते. देशी भाषेतील पुस्तक देशी अक्षरांत छापलेले पाहावे ही आपली फार वर्षांची इच्छा असल्याचे त्याने १६०८ च्या एका पत्रात आपल्या वरिष्ठांना कळविले होते. अडचण अक्षरांच्या संख्येची होती. रोमन वर्णमालेला थोडे खिळे पुरतात. आपल्या लिपीत काना, मात्रा, वेलांटी, उकार, रफार आणि जोडाक्षरे मिळून शेकडो निरनिराळे साचे लागतात. प्रत्येकासाठी पोलादावर उलटे अक्षर कोरावयाचे, त्याचा ठसा तांब्यात उठवावयाचा आणि मग त्यात शिशाचा रस ओतावयाचा. स्टीफन्सची ती इच्छा अपुरीच राहिली. ख्रिस्तपुराणाच्या १६१६, १६४९ आणि १६५४ अशा तीन आवृत्त्या निघाल्याची नोंद आहे. पण या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत जगात कोठे असल्याचे ज्ञात नाही. ग्रंथ वाचला तो हाताने केलेल्या नकलांमुळे. छापले म्हणजे टिकले, असा जो आपला भाबडा विश्वास असतो, त्याला यापेक्षा मोठा धक्का नाही.

प्रियोळकरांचे विशेष असे, की फसलेल्या प्रयत्नांकडेही ते तितक्याच आस्थेने पाहतात. सुरतेचे गुजराती व्यापारी भीमजी पारेख यांची हकिकत याचे उत्तम उदाहरण आहे. प्राचीन ग्रंथ छापून घ्यावेत या हेतूने त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीकडे मुद्रकाची मागणी केली आणि १६७४ मध्ये हेन्री हिल्स नावाचा मुद्रक इंग्लंडहून मुंबईस आला. त्याला छापता येत होते, पण आपल्या लिपीचे खिळे कोरता येत नव्हते. भीमजींनी आपल्या माणसांकडून ते करून घेण्याची खटपट केली. ती तडीस गेली नाही. शिवछत्रपतींचा राज्याभिषेक ज्या वर्षी झाला, त्याच वर्षीची ही गोष्ट. एका व्यापाऱ्याच्या अंगी ही दृष्टी होती आणि त्याला साथ देणारा अक्षर-कोरक्या मिळाला असता, तर देवनागरी मुद्रणाचा इतिहास शतकभर आधी सुरू झाला असता.

दुसरी हकिकत पुण्याची. इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट याच्या सहवासात अक्षरे कोरून छापण्याची युक्ती पुण्याच्या एका तांबटाला अवगत झाली. नाना फडणविसांच्या मनात भगवद्गीता छापून घ्यावयाची होती. पेशवाईतील राजकारणाच्या धामधुमीत ते राहून गेले. पुढे तो कारागीर मिरजेच्या पटवर्धनांच्या आश्रयाला गेला आणि १८०५ मध्ये तांब्याच्या पत्र्यांवर कोरलेल्या अक्षरांनी गीता छापली गेली. ज्याच्या हातून ही गीता उतरली तो घागरी-तपेली घडविणारा कारागीर होता, हे विसरता कामा नये. त्याच वर्षी दूर बंगालमध्ये श्रीरामपूरच्या मिशन छापखान्यात विल्यम कॅरे यांचे मराठी व्याकरण छापले जात होते. पंडित वैजनाथ त्यांचे साहाय्यक होते. मराठीचे पहिले खिळेछाप पुस्तक महाराष्ट्राबाहेर आणि तांब्यावरची गीता मिरजेत, असा हा योग.

यानंतरची कथा मुंबईची आणि ती या सभागृहातील प्रत्येकाने लक्षपूर्वक ऐकण्यासारखी आहे. अमेरिकन मिशनने १८१६ च्या सुमारास मुंबईत छापखाना घातला. तेथे थॉमस ग्रॅहम या तरुणाने देवनागरीचे सुबक खिळे पाडले. त्याच छापखान्यातली कामे पाहून गणपत कृष्णाजी या भंडारी समाजातील उद्योगी गृहस्थाने स्वतःचा शिळाछापखाना उभारला, शाई स्वतः बनविली आणि १६ मार्च १८३१ रोजी छापील मराठी पंचांग प्रसिद्ध केले. लोकांनी त्याला हात लावावयास नकार दिला. आक्षेप असा, की छापण्याच्या शाईत चरबी असते, तेव्हा छापलेले धर्माचे कागद विटाळलेले. गणपत कृष्णाजींनी त्याचा प्रतिवाद पत्रके काढून केला नाही. त्यांनी तुपाची शाई तयार केली. गोविंद नारायण माडगावकरांनी १८६३ मध्ये ‘मुंबईचे वर्णन’ या ग्रंथात ही हकिकत नमूद करून ठेवली, म्हणून ती आज ठाऊक आहे. प्रियोळकरांनी गणपत कृष्णाजींना भारतीय मुद्रणाच्या इतिहासात त्यांचे योग्य स्थान मिळवून दिले. पुढे जावजी दादाजी यांनी १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. त्यांनी उमेदवारी केली तीही थॉमस ग्रॅहमच्याच हाताखाली.

चरबीच्या शाईचा हा आक्षेप ऐकताना जैन समाजातील वयोवृद्धांना काही आठवले असेल. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि त्यानंतरही काही दशके, जिनवाणी छापावी की छापू नये या प्रश्नावर समाजात तीव्र मतभेद होते. छापलेले शास्त्र मंदिरात आणू नये, स्वाध्यायाला घेऊ नये, असे म्हणणारे श्रावक अडाणी नव्हते. त्यांच्या म्हणण्याला आधार होता. शाईतील चरबीचा संशय होताच. शिवाय शाई लावण्याचे रूळ ओतले जात ते सरस आणि काकवी यांच्या मिश्रणाने, आणि सरस म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांचा अर्क. अहिंसा हा ज्यांचा प्राण, त्यांना आचार्यांचे वचन अशा रुळाखालून जावे हे कसे रुचावे? छापील पुस्तक स्वस्त होणार, कोणाच्याही हाती जाणार, रद्दीत पडणार आणि शास्त्राची आशातना होणार, ही भीतीही खोटी नव्हती. दुसऱ्या बाजूला हस्तलिखितांना वाळवी लागत होती, नकला करणारे दुर्मिळ होत होते आणि सामान्य श्रावकाला एखादा ग्रंथ पाहावयासही मिळत नव्हता. दोन्ही बाजूंना श्रुतभक्ती होती. या वादाचा मोठा इतिहास हिंदीत डॉ. ज्योतिप्रसाद जैन यांनी ‘प्रकाशित जैन साहित्य’ या सूचिग्रंथाच्या निमित्ताने नोंदविला आहे. प्रियोळकरांच्या ग्रंथाची कक्षा मुद्रणाच्या आरंभकाळापुरती असल्याने हा अध्याय त्यात आलेला नाही. पण तो लिहावयाचा कसा, याचा धडा तेथेच मिळतो: विरोध करणाऱ्याला हसू नये, त्याच्या आक्षेपात कोणती शाई होती ते शोधावे.

आपल्या भागापुरते बोलावयाचे तर या अध्यायाचे नायक सोलापूरचे सेठ हिराचंद नेमचंद दोशी आहेत. इंदापूर तालुक्यातील वालचंदनगर ज्यांच्या नावाने वसले, त्या उद्योगपती वालचंदांचे हे वडील. पुत्राने कळंबच्या माळावर १९३० च्या दशकात साखर कारखाना उभारला, ते सर्वांना ठाऊक आहे. पित्याने त्यापूर्वी अर्धशतक ‘जैन बोधक’ हे पत्र सोलापुरातून सुरू करून मराठी जैन वाचकाला छापील अक्षराची सवय लावली, याची आठवण त्या मानाने कमी निघते. कोल्हापुरात कल्लाप्पा भरमाप्पा निटवे यांनी जैनेंद्र छापखान्यातून जैन ग्रंथ मराठी अनुवादासह वाचकांपुढे ठेवले. हे सारे विरोधाच्या वातावरणात चालले होते.

हिराचंद सेठजींच्याच काळातली एक यात्रा तर मुद्रणाच्या इतिहासातील एखाद्या अद्भुत कथेसारखी आहे. षट्खंडागमावरील धवला आणि कषायपाहुडावरील जयधवला या टीकांची प्राचीन ताडपत्रे कर्नाटकातील मूडबिद्रीच्या सिद्धांत बसदीत होती. त्यांचे दर्शन यात्रेकरूंना होई. वाचन मात्र जवळजवळ कोणाला शक्य नव्हते. मुंबईचे सेठ माणिकचंद पानाचंद १८८३ मध्ये तेथे जाऊन आले आणि पाठोपाठ हिराचंद सेठजी श्रवणबेळगोळचे ब्रह्मसूरी शास्त्री यांना बरोबर घेऊन गेले. ताडपत्रे झिजत चालली होती. नकल करवून घेण्याचे ठरले आणि दीर्घ खटपटीनंतर १८९६ च्या सुमारास ते काम सुरू झाले. ब्रह्मसूरी शास्त्रींनंतर मिरजेचे गजपती उपाध्याय यांनी ते वर्षानुवर्षे चालविले. मूळ नकला मूडबिद्रीबाहेर जाऊ द्यावयाच्या नव्हत्या. परंतु गजपतींनी गुप्तपणे आणखी एक प्रत करून ठेवली. ती उत्तरेत सहारनपूरला पोहोचली, तिच्यावरून दुसऱ्या, दुसरीवरून तिसऱ्या अशा नकला झाल्या आणि अखेर अमरावतीच्या किंग एडवर्ड महाविद्यालयातील संस्कृतचे प्राध्यापक डॉ. हिरालाल जैन यांच्या हाती त्या आल्या. १९३९ मध्ये धवलेचा पहिला भाग अमरावतीत छापून निघाला; पुढील दोन दशकांत सोळा भाग पूर्ण झाले.

आता यात प्रियोळकरांची शिस्त कोठे येते? नकलेची नकल होताना शब्द गळतात. पहिल्या भागातील ९३ व्या सूत्रात अर्थाच्या ओघात ‘संजद’ हा एक शब्द असावा, असे संपादकांना वाटले. उपलब्ध नकलांत तो नव्हता. त्यांनी तो मुकाट्याने मजकुरात घुसडला नाही, तळटीपेत सुचविला. त्या तीन अक्षरांवरून समाजात वर्षानुवर्षे वाद माजला, पंडितांच्या सभा झाल्या, कारण त्या शब्दाशी सिद्धांताचा एक नाजूक प्रश्न गुंतलेला होता. पुढे मूडबिद्रीच्या ताडपत्राशी ताडून पाहिले तेव्हा तो शब्द तेथे आढळला. सिद्धांताचा अर्थ कसा लावावयाचा, हा आचार्यांचा आणि पंडितांचा विषय आहे. येथे मुद्दा तळटीपेचा आहे. संपादकाने आपला तर्क आणि पोथीचा पाठ वेगवेगळे ठेवले, म्हणून पुढच्यांना ते तपासता आले. ‘दमयंतीस्वयंवरा’त प्रियोळकरांनी आणि धवलेत हिरालालजींनी, चार वर्षांच्या अंतराने, एकाच प्रकारच्या सचोटीचे दर्शन घडविले आहे.

बारामतीहून हाकेच्या अंतरावर असलेल्या फलटणला याच आगमांची वेगळी आवृत्ती आहे. आचार्य श्री शांतिसागर महाराजांच्या प्रेरणेने धवलादी सिद्धांतग्रंथ ताम्रपत्रांवर कोरून घेतले गेले आणि ते फलटणला जतन केले आहेत. मिरजेच्या तांब्यावर अक्षरे उलटी होती, कारण तो पत्रा कागदावर उमटावयाचा होता. फलटणच्या तांब्यावर ती सुलटी आहेत, कारण तो पत्राच पुढील शतकांनी वाचावयाचा आहे. एकाच ग्रंथासाठी समाजाने खिळेही जुळविले आणि तांबेही कोरले. छपाईवरचा संशय आणि छपाईवरचा विश्वास असे एकाच पिढीत एकत्र नांदले.

श्वेतांबर परंपरेतही हेच मंथन झाले. मुर्शिदाबादचे राय धनपतसिंह यांनी एकोणिसाव्या शतकातच आगम छापविले. पुढे आगमोदय समितीने सागरानंदसूरींच्या प्रेरणेने १९१५ पासून टीकांसह जे आगम प्रसिद्ध केले, त्यांतील कित्येक ग्रंथ मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यात निघाले. म्हणजे ज्या खिळ्यांनी बारामतीच्या मोरोपंतांच्या आर्या छापल्या, त्याच घराण्याच्या खिळ्यांनी आगमही छापले. स्थानकवासी समाजासाठी अमोलकऋषीजी महाराजांनी बत्तीस आगमांचा हिंदी अनुवाद केला आणि तो हैदराबादेतील दानशूर श्रावकांच्या साहाय्याने छापून विनामूल्य वाटला गेला. आणि सोलापूरचे ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांनी जैन संस्कृती संरक्षक संघासाठी प्रथम तीस हजार रुपये दिले आणि १९४४ मध्ये आपली उरलेली सुमारे दोन लाखांची मालमत्ताही विश्वस्त निधीत अर्पण केली. त्यातून निघालेल्या ग्रंथमालेचे पहिले पुष्प म्हणजे ‘तिलोयपण्णत्ती’. तिचे संपादक डॉ. आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये आणि डॉ. हिरालाल जैन. एका गृहस्थाची सारी मिळकत खिळे, शाई आणि कागद यांत रूपांतरित झाली, असे म्हणावयास हरकत नाही.

प्रियोळकरांकडे पुन्हा वळताना त्यांच्या मर्यादांचाही उल्लेख करणे उचित ठरेल. आंधळी स्तुती त्यांना स्वतःलाही आवडली नसती. कोकणी ही मराठीची बोली आहे, हे मत त्यांनी हिरिरीने मांडले. गोव्यातील पुष्कळांना ते तेव्हाही मान्य नव्हते. १९७५ मध्ये साहित्य अकादमीने कोकणीला स्वतंत्र साहित्यभाषा म्हणून मान्यता दिली आणि १९९२ मध्ये ती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत दाखल झाली. गंमत अशी, की त्याच प्रियोळकरांनी आपल्या मुद्रणेतिहासाच्या ग्रंथात कुन्य रिव्हारा यांचा कोकणी भाषेवरील पोर्तुगीज निबंध इंग्रजीत उपलब्ध करून दिला, आणि कोकणीचा कैवार घेणाऱ्यांनाही तो उपयोगी पडला. मताचा आग्रह त्यांना होता, परंतु पुरावा लपविण्याची वृत्ती त्यांच्यापाशी नव्हती.

त्यांच्यानंतर बापूराव नाईक यांनी देवनागरी मुद्राक्षरांचा सखोल अभ्यास केला आणि ‘भारतीय ग्रंथमुद्रण’ हा मोठा ग्रंथ मराठीला दिला. त्यांच्या आधी शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील छापील मराठी ग्रंथांची सूची १९४३ मध्ये पूर्ण करून ठेवली होती. त्या एकट्या माणसाने केलेल्या कामापुढे मोठमोठ्या संस्थांनी नतमस्तक व्हावे. इंग्रजीत भारतीय मुद्रणावर पुढे जे लिहिले गेले, त्याला प्रियोळकरांच्या ग्रंथाची पायरी चढूनच पुढे जावे लागले.

बारामती, इंदापूर, वालचंदनगर आणि आसपासच्या गावांतील मंदिरे, स्थानके आणि जुनी घरे यांच्याशी या साऱ्याचा संबंध काय, तो आता सांगावयाचा आहे. हस्तलिखित पोथी म्हटले की आज सर्वांचे हात जोडले जातात. तिला वेष्टन मिळते, तिची सूची होते, तिची छायाचित्रे घेतली जातात. हे योग्यच आहे. पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचे छापील पुस्तक कपाटात निघाले, तर ते फाटके म्हणून बाजूला काढले जाते. नवी सुबक आवृत्ती आलेली असते. जीर्ण ग्रंथ म्हणून श्रद्धेने त्याचे जलविसर्जन होते, अथवा ते रद्दीच्या गठ्ठ्यात जाते. ख्रिस्तपुराणाच्या तीन आवृत्त्यांचे काय झाले, ते वर आलेच आहे. निटव्यांच्या जैनेंद्र छापखान्याची पुस्तके, ‘जैन बोधका’चे आरंभीचे अंक, शिळाछापाच्या पूजा आणि स्तोत्रे यांची गत त्याहून निराळी होईल, असे मानण्यास आधार नाही. वाळवीने पोथी खाल्ली तर दुःख होते. छापील पुस्तक हरवले तर ते हरवल्याचेही कळत नाही, कारण दुसरीकडे कोठे तरी असेलच, असे प्रत्येकाला वाटत असते.

हे काम विद्यापीठाची वाट पाहात थांबणारे नाही आणि त्याला पैसाही फारसा लागत नाही. एक जाड वही पुरे. प्रत्येक जुन्या पुस्तकाचे मुखपृष्ठ आणि शेवटचे पान उघडावे. ग्रंथाचे आणि संपादकाचे नाव सर्वच लिहितात; त्याखाली बारीक टाइपात छापखान्याचे आणि गावाचे नाव असते, ते उतरून घ्यावे. शिळाछाप आहे की खिळेछाप, ते पाहावे. वर्ष वीर निर्वाण संवतात असेल तर साधारण ५२७ वजा करावेत, विक्रम संवतात असेल तर ५७, आणि शके असेल तर ७८ मिळवावेत. महिन्यानुसार एका वर्षाचा फरक पडतो, म्हणून मूळ आकडाही तसाच लिहून ठेवावा. किंमत लिहावी. ‘मूल्य स्वाध्याय’ किंवा ‘भेट’ असे छापले असेल तर तेही लिहावे. समासात कोणी शाईने काही दुरुस्त केले असेल, तर ती पाने नोंदवावीत. एखाद्या अज्ञात पंडिताने ताडून पाहिलेला पाठ त्यात असू शकतो.

आणि दात्यांचे पान सोडू नये. जैन ग्रंथांच्या छपाईचा खर्च बहुधा शास्त्रदानातून झाला. कोणी वडिलांच्या स्मरणार्थ, कोणी व्रताच्या उद्यापनानिमित्त, कोणी सुनेच्या किंवा मातोश्रींच्या नावे पाच रुपये, पंचवीस रुपये, शंभर प्रतींचा खर्च दिला. ज्या काळात स्त्रीचे नाव दुकानाच्या पाटीवर नसे, सातबाऱ्यावर क्वचित असे, त्या काळात ते या यादीत जुळाऱ्याने एकेक खिळा उचलून जुळविलेले आहे. पुष्कळ आजी-पणजींचे नाव आयुष्यात एकदाच छापले गेले असेल, ते तेथे. वहीत ते लिहिताना गावाचे नावही लिहावे, आणि ते जसे छापले असेल तसेच लिहावे.